१९१२चा कार्लाइलचा फुटबॉल हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिम थॉर्प या अमेरिकन मूळनिवासी खेळाडूचं नाव निघालं की बोलणं ऑलिंपिक पदकांपासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. १९१२ला ऑलिंपिकहून परतल्यावर तो कार्लाइल या शाळेच्या ज्या फुटबॉल संघाचा कर्णधार होता, त्या संघाबद्दल मात्र थोडी माहिती आणि पुष्कळशा दंतकथा फिरत असतात. वाचकांकडून सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घाई असेल तर थेट आर्मीच्या (म्हणजे वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या संघाच्या) सामन्यावर जा, पण पैशांबद्दलचा प्रश्न वगळू नका. माझ्या मते या हंगामाची खरी गोष्ट तिथंच आहे.

हा फुटबॉल म्हणजे कोणता? मेस्सीचा का?

नाही. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट अंडाकृती चेंडू, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, आणि चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून पुढं घुसायचं. ठरलेल्या प्रयत्नांत दहा यार्ड पुढं गेलात तर पुढचे प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. कबड्डीतल्या चढाईचा जीव ज्यांना कळतो, त्यांना हा खेळ कळायला जड जात नाही. फरक एवढाच की इथे परत यायचं नसतं, मिळवलेली जमीन राखायची असते. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की टचडाउन. आज बारीकसारीक बदल सोडले तर हाच खेळ एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये दिसतो.

कार्लाइल हे कॉलेज होतं का?

काटेकोरपणे नाही. पूर्ण नाव कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी, लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये १८७९ साली सुरू झालेली सरकारी निवासी शाळा. इथला अभ्यास शालेय पातळीचा होता आणि अर्धा दिवस शेती, सुतारकाम, शिवणकाम, छपाई असल्या कामांत जायचा. पण विद्यार्थ्यांत विशीतले तरुणही होते. त्यामुळे शाळेचा फुटबॉल संघ हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), सिरॅक्यूज, आर्मी अशा मोठ्या कॉलेजांशी खेळायचा, आणि सगळेजण त्याला कॉलेज फुटबॉलच म्हणायचे. आजच्या विक्रमांच्या याद्यांतही कार्लाइल कॉलेजांमध्येच मोडतं.

नावात 'इंडियन' आहे. भारताशी काही संबंध?

काहीही नाही. हे अमेरिकेचे मूळ रहिवासी: लाकोटा, ओजिब्वे, चेरोकी, होपी, सॅक अँड फॉक्स आणि आणखी कितीतरी जमाती. शाळेच्या जवळजवळ चाळीस वर्षांत दहा हजारांवर मुलं तिथं येऊन गेली.

ती मुलं तिथं आली कशी?

काही आईवडिलांनी पाठवली, काहींवर दबाव आला, काही फसवून आणली गेली. पहिली तुकडी लाकोटा मुलांची होती, डाकोटा प्रदेशातल्या रोझबड आणि पाइन रिज या राखीव क्षेत्रांतून आणलेली. शाळेचा संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा लष्करी अधिकारी. माणसाला वाचवायचं असेल तर त्याच्यातला 'इंडियन' मारून टाकला पाहिजे, असं त्यानं १८९२ साली जाहीर भाषणात सांगितलं होतं. त्याची सगळी शिक्षणपद्धत या एका विचारावर उभी होती. मुलांचे लांब केस आल्या आल्या कापले जायचे, कपडे बदलले जायचे, इंग्रजी नावं दिली जायची, आणि आपली भाषा बोलली तर शिक्षा. सुट्टीत घरी पाठवण्याऐवजी त्यांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला ठेवायची व्यवस्था होती. थॉर्पही असा राबला आहे.

शाळेच्या आवारात एक कबरस्तान आहे. तिथल्या १८०च्या वर थडग्यांत बहुतेक मुलंच आहेत, क्षयासारख्या आजारांनी गेलेली. फुटबॉलच्या गोष्टी वाचताना हे आवार डोळ्यांआड होऊ देऊ नये.

मग असल्या शाळेत फुटबॉल कुठून आला?

मुलांच्या हट्टातून. शेजारच्या डिकिन्सन कॉलेजबरोबरच्या एका सामन्यात कार्लाइलच्या मुलाचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटनं बाहेरच्या संघांशी खेळणं बंद करून टाकलं. काही काळानं मुलं शिष्टमंडळ घेऊन त्याच्याकडे गेली. प्रॅटनं नंतर लिहून ठेवलंय की त्यांच्यातल्या एकानं इतकी बिनतोड बाजू मांडली की त्याला नाही म्हणता आलं नाही. त्यानं दोन अटी घातल्या. समोरच्यानं ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाला हरवून दाखवायचं.

पहिली अट शाळेच्या जाहिरातीसाठी होती. हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर ही मुलं 'सुधारलेली' दिसायला हवी होती. दुसरी अट मुलांनी मनावर घेतली. १९०७ साली त्यांनी पेनला २६-६ असं धुतलं, तेही फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हातानं पुढं फेकणं, हे नवं हत्यार वापरून. १९११ला हार्वर्डला १८-१५नं हरवलं. त्या दिवशी थॉर्पनं चार फील्ड गोल मारले होते, म्हणजे चार वेळा चेंडू लाथेनं गोलच्या खांबांमधून धाडला होता. म्हणजे १९१२चा संघ काही आकाशातून पडला नव्हता.

प्रशिक्षक कोण होता?

ग्लेन वॉर्नर, सगळे त्याला 'पॉप' म्हणायचे. १८९९ ते १९०३ आणि पुन्हा १९०७ ते १९१४ तो कार्लाइलला होता. डोकं अफाट, क्लृप्त्यांचा सुकाळ. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध त्याच्या मुलांनी चेंडू एका गड्याच्या जर्सीत पाठीमागे खुपसला आणि हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले, तोवर तो गडी पलीकडे पोचला. टचडाउन झालं, सामना मात्र १२-११नं गेला. माणूस म्हणून वॉर्नर कसा होता ते पैशांच्या प्रश्नात येईल.

१९१२ला नियम काय बदलले होते?

बरेच, आणि कार्लाइलच्या फायद्याचे. मागची गोष्ट थोडक्यात अशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ माणसं मारत होता. गडी एकमेकांच्या कंबरा धरून पाचर बनवायचे आणि सगळं वजन एका जागी घालायचे. डोक्यावर कातडी टोपी असली तर असली. १९०५च्या हंगामात दीड डझनाच्या आसपास खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. १९०६ला फॉरवर्ड पास कायदेशीर झाला. १९१०ला चेंडूवाल्याला ढकलणं-ओढणं आणि हातात हात अडकवून भिंत करणं बंद झालं.

१९१२ला त्यावर कळस चढला. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. मैदान ११० यार्डांचं १०० यार्डांवर आलं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन जोडले गेले. पास वीस यार्डांपेक्षा लांब टाकायचा नाही, ही मर्यादा गेली. टचडाउनला पाचाऐवजी सहा गुण झाले.

या सगळ्याचा अर्थ एकच, वजनापेक्षा वेग महाग झाला. कार्लाइलची मुलं मोठ्या कॉलेजांतल्या मुलांपेक्षा सहसा हलकी असायची आणि पळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नियम बदलले ते त्यांच्यासाठी नव्हेत, पण त्यांचं सोनं केलं ते त्यांनी.

हंगामात एकूण किती सामने झाले, निकाल काय?

चौदा सामने: बारा जिंकले, एक हरला, एक बरोबरीत. कार्लाइलचे गुण आधी धरून यादी अशी:

सप्टेंबर: ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-०.
ऑक्टोबर: व्हिलानोव्हा ६५-०, वॉशिंग्टन अँड जेफरसन ०-०, सिरॅक्यूज ३३-०, पिट्सबर्ग ४५-८, जॉर्जटाउन ३४-२०, आणि टोरंटोत कॅनडाच्या खेळाडूंविरुद्ध मोठा विजय.
नोव्हेंबर: लीहाय ३४-१४, आर्मी २७-६, पेन २६-३४ (हार), स्प्रिंगफील्ड ३०-२४, ब्राउन ३२-०.

टोरंटोचा सामना गमतीचा होता, अर्धा अमेरिकन नियमांनी आणि अर्धा कॅनडाच्या. शिवाय तो जॉर्जटाउननंतर दोनच दिवसांनी. आज कुठला प्रशिक्षक असं वेळापत्रक हातात देईल तर खेळाडूंची संघटना त्याला कोर्टात खेचेल.

यादीत आणखी एक गोष्ट पाहा. सप्टेंबरनंतर कार्लाइल जवळजवळ सगळीकडे पाहुणा आहे. घरच्या लहानशा मैदानावर तिकिटं किती विकली जाणार? मोठ्या शहरांत गेलं की गल्ल्यातला वाटा मोठा. हा संघ आगगाडीत राहायचा म्हटलं तरी चालेल.

सिरॅक्यूजच्या विजयाला वेगळी चव होती. १९११ साली याच संघानं कार्लाइलला १२-११ असं एका गुणानं हरवलं होतं, आणि त्या हंगामातली ती एकमेव हार होती.

संघात थॉर्पशिवाय कोण होतं?

हा प्रश्न कमी येतो, यायला पाहिजे त्याहून फारच कमी. क्वार्टरबॅक गस वेल्च, ओजिब्वे. डावपेचांची सूत्रं मैदानावर त्याच्या हातात. मागच्या फळीतून चेंडू घेऊन पळणारे दोघं: हाफबॅक ॲलेक्स अर्कासा, आणि फुलबॅक स्टॅन्सिल पॉवेल, उत्तर कॅरोलिनातला चेरोकी. जो गायन, मिनेसोटातला ओजिब्वे, त्या वर्षी पुढच्या फळीत, टॅकलच्या जागी. गायन पुढं जॉर्जिया टेककडून खेळला आणि व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पीट कॅलॅक कॅलिफोर्नियातून आलेला. पुढच्या फळीच्या मध्यभागी जो बर्जी.

थॉर्पचे हंगामातले २५ टचडाउन आणि १९८ गुण हा आकडा सगळीकडे छापला जातो. काही मोजण्यांत तो याहून जास्त भरतो. वॉल्टर कॅम्प हा जाणकार दरवर्षी देशातल्या उत्तम खेळाडूंचा जो ऑल-अमेरिकन संघ निवडायचा, त्यात तो लागोपाठ दुसऱ्या वर्षी आला. हे सगळं खरं. पण हाफबॅक एकटा पळत नसतो. पुढं वाट मोकळी करणारे सात जण असतात. त्यांची नावं कुणी छापत नाही.

थॉर्प तेव्हा नुकताच ऑलिंपिकहून आला होता ना?

हो. जुलैमध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हींत सुवर्ण. त्याच ऑलिंपिकमध्ये कार्लाइलच्याच लुईस तेवानिमा या होपी धावपटूनं १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. ऑगस्टमध्ये गावात मिरवणूक निघाली, भाषणं झाली, आणि सप्टेंबरमध्ये थॉर्प ऑलब्राइटविरुद्ध मैदानात उतरला.

आर्मीच्या सामन्याची एवढी चर्चा का होते?

कारण समोर लष्कर होतं. वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकन लष्कराचे अधिकारी घडवणारी अकादमी. तारीख ९ नोव्हेंबर १९१२. वूंडेड नीला लष्करानं लाकोटा बायकामुलांची कत्तल केली त्याला तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कार्लाइलच्या खेळाडूंना हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांच्या घरांतली मोठी माणसं त्या काळातून गेलेली होती. समोरच्या फळीतली मुलं त्याच लष्कराची उद्याची अधिकारी. सामन्याआधी वॉर्नरनं याच गोष्टीची आठवण करून देणारं भाषण केलं, असं सांगतात. भाषणातली वाक्यंही छापलेली सापडतात, पण ती दरवेळी वेगळी असतात, म्हणून इथे देत नाही. त्या मुलांना आठवण करून द्यायची गरज होती असं मला वाटत नाही.

खेळ वेस्ट पॉइंटच्याच मैदानावर झाला. पहिला टचडाउन आर्मीचा, पण त्यानंतरची एका जादा गुणाची किक हुकली: ६-०. आर्मीची सगळी कमाई तेवढीच. कार्लाइलनं मग खेळ आपल्या हातात घेतला आणि सोडला नाही. वॉर्नरनं या सामन्यात आपली नवी मांडणी बाहेर काढली होती. चेंडू कुणाकडे गेला, पळणार कोण, फेकणार कोण, हे कळेकळेपर्यंत आर्मीचे गडी चुकीच्या बाजूला गेलेले असायचे. थॉर्पवर दोघं-तिघं तुटून पडायचे आणि तेवढ्यात अर्कासा पलीकडून निघून जायचा.

आर्मीचा कर्णधार लेलँड डेव्होर अंगानं प्रचंड होता. समोर होता त्याच्यापेक्षा कितीतरी लहान जो गायन. गायननं त्याला दिवसभर असा नाचवला की शेवटी डेव्होरचा तोल गेला, त्यानं गायनला हाणलं आणि पंचांनी डेव्होरला मैदानाबाहेर काढलं. 

शेवटी २७-६.

थॉर्पनं ९२ यार्ड पळून टचडाउन केला, तो रद्द झाला, मग लगेच ९७ यार्ड पळून पुन्हा केला. खरं का?

पहिला भाग बऱ्यापैकी खरा: थॉर्पची आर्मीच्या सगळ्या संघातून निघालेली एक लांब धाव सहकाऱ्याच्या चुकीमुळे रद्द झाली. दुसऱ्या भागाचा हिशेब लागत नाही. सत्तावीस गुण म्हणजे चार टचडाउन आणि तीन किक. चार टचडाउनपैकी तीन अर्कासाचे, एक बर्जीचा. ९७ यार्डांच्या दुसऱ्या धावेला त्यात जागाच उरत नाही. थॉर्प त्या दिवशी मैदानावरचा सगळ्यात भारी खेळाडू होता, यावर वर्तमानपत्रांचं एकमत होतं. तरीही गुणफलकावर अर्कासाच्या नावापुढं जे आहे ते त्याचं त्याला द्यायला हवं. दंतकथेनं थॉर्पला काही मिळवून दिलं नाही. अर्कासाचं मात्र हिरावून घेतलं.

आयझेनहॉवरचा गुडघा थॉर्पनं मोडला का?

नाही. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर त्या दिवशी आर्मीकडून खेळला, हे खरं. त्यानं आणि एका साथीदारानं मिळून थॉर्पला जायबंदी करायचा बेत केला होता, पण ऐन वेळी थॉर्प सटकला आणि हे दोघेच एकमेकांवर आदळले, अशी गोष्ट सांगितली जाते. गुडघा दुखावला तो पुढच्या आठवड्यात, टफ्ट्स कॉलेजविरुद्ध. नंतर घोडेस्वारीच्या सरावात तो पुरता कामातून गेला आणि फुटबॉल संपला. थॉर्पबद्दल आयझेनहॉवर उतारवयातही आदरानं बोलायचा.

'डबल विंग' म्हणजे काय?

हीच ती नवी मांडणी. थोडक्यात, मागच्या फळीतले दोन गडी मध्यभागी न ठेवता दोन्ही टोकांना, पुढच्या फळीच्या जरा मागं उभे करायचे. तिथून ते पास झेलायला सुटू शकतात, वाट मोकळी करू शकतात किंवा मागं वळून चेंडू घेऊ शकतात. बचाव करणाऱ्याला आधी कळायला मार्ग नाही. पुढं अनेक वर्षं देशभर ही मांडणी चालली आणि आजच्या पासिंगच्या खेळाची मुळं तिच्यात शोधणारे जाणकार आहेत.

एवढं सगळं असून पेनकडून हार कशी?

आर्मीनंतर बरोबर आठवड्यानं, फिलाडेल्फियात, ३४-२६. अंग मोडलेलं, मन वेस्ट पॉइंटवर राहिलेलं, आणि बचावात चुका. याहून खोल कारण शोधू नये. त्याआधीची ०-० बरोबरीही तशीच, थॉर्पच्या फील्ड गोलच्या किक त्या दिवशी खांबांमधून गेल्याच नाहीत.

मग १९१२चा राष्ट्रीय विजेता कोण?

तेव्हा विजेता ठरवायची अधिकृत पद्धतच नव्हती. पत्रकारांची एपी क्रमवारीसुद्धा १९३६ला आली. मागाहून काढलेल्या याद्यांत १९१२साठी हार्वर्ड आणि पेन स्टेट ही अपराजित नावं येतात. कार्लाइलनं ३४-२६चा तो एक सामना जिंकला असता तर वाद रंगला असता. त्यांचं वेळापत्रक मात्र दोघांपेक्षा कठीण होतं, असं माझं मत.

कार्लाइलचे खेळाडू वयानं मोठे होते. हे न्याय्य होतं का?

आक्षेप तेव्हाही घेतला जायचा. थॉर्प १९०७, १९०८, १९११ आणि १९१२ असे चार हंगाम खेळला. मधली दोन वर्षं शाळेतच नव्हता. शेवटच्या हंगामात त्याचं वय पंचविशीला टेकलेलं. कार्लाइलवर कॉलेजांचे पात्रतेचे नियम तसे बंधनकारक नव्हते. पण मोठ्या कॉलेजांतही नाव बदलून खेळणारे आणि आतून पैसे घेणारे त्या काळी कमी नव्हते. उरला वयाचा मुद्दा: तो खरा आहे. मात्र हजारो मुलांतून निवड करणाऱ्या आणि पिढीजात पैसा असलेल्या कॉलेजांनी तो काढावा, हे जरा जास्तच झालं.

पैसा कुणी कमावला?

शाळेनं आणि वॉर्नरनं. सामन्यांचं उत्पन्न शाळेच्या ॲथलेटिक असोसिएशनकडे जायचं आणि त्या खात्याची सूत्रं व्यवहारात वॉर्नरच्या हाती होती. त्या पैशातून शाळेत इमारती उभ्या राहिल्या, प्रसिद्धीवर खर्च झाला. खेळाडूंना काय? कोट, घड्याळं, कधीमधी थोडी रोकड.

या गोष्टीला वाचा फोडली ती कुणा पत्रकारानं नव्हे, क्वार्टरबॅकनं. गस वेल्चनं शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज तयार केला आणि त्यावर दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. १९१४ला अमेरिकन काँग्रेसची (संसदेची) संयुक्त समिती कार्लाइलला चौकशीला आली. निकृष्ट जेवण, मारहाण, फुटबॉलच्या पैशांचा हिशेब, सगळं बाहेर आलं. वॉर्नर खेळाडूंना शिवीगाळ करतो, हेही साक्षींत नोंदलं गेलं. अधीक्षक मोझेस फ्रीडमनला जावं लागलं. वॉर्नर पिट्सबर्गला गेला, तिथं आणखी यशस्वी झाला, आणि आज मुलांच्या फुटबॉलची एक मोठी संघटना त्याच्या नावानं चालते.

१९१२ची आठवण काढणारे आर्मीच्या सामन्याशी थांबतात. मला वेल्चचा हा अर्ज त्या विजयाइतकाच मोठा वाटतो, कदाचित काकणभर जास्त. मैदानावर त्याच्या मागं वॉर्नरची मांडणी होती. अर्ज करताना वॉर्नर समोर होता.

थॉर्पची पदकं का काढून घेतली?

ब्राउनविरुद्धचा २८ नोव्हेंबरचा सामना त्याचा कार्लाइलसाठी शेवटचा. जानेवारी १९१३मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमधल्या वर्तमानपत्रानं छापलं की १९०९-१० साली तो उत्तर कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. रक्कम मामुली. कॉलेजची कितीतरी मुलं उन्हाळ्यात हेच करायची, फक्त खोटं नाव लावून. थॉर्प खऱ्या नावानं खेळला.

ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे हरकत तीस दिवसांत घ्यायला हवी होती. इथे सहा महिने उलटले होते. तरी पदकं गेली. वॉर्नर आणि फ्रीडमन दोघांनीही आपल्याला काही माहीत नव्हतं म्हणून हात वर केले. यातल्या वॉर्नरवर विश्वास ठेवणं अवघड आहे, कारण थॉर्पला शाळेत परत बोलावून घेण्यात त्याचाच पुढाकार होता. १९८२ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं थॉर्पला सहविजेता मानलं, आणि २०२२ला एकमेव विजेता. तो १९५३लाच गेला होता.

फुटबॉलनं या मुलांचं भलं केलं, असं म्हणता येईल का?

काहींचं केलं. वेल्च पुढं वकिली शिकला आणि प्रशिक्षक झाला. गायन, कॅलॅक आणि थॉर्प व्यावसायिक खेळाडू झाले. पण याचं श्रेय शाळेला देणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या शाळेनं त्यांची भाषा बंद केली, तिनंच त्यांच्या खेळाची तिकिटं विकली. मुलांनी त्यातून आपली जागा काढली, एवढंच म्हणता येईल. प्रवास, मैत्री, गाजलेलं नाव, आणि वेगवेगळ्या जमातींची मुलं एका संघात आल्यावर तयार झालेली आपलेपणाची भावना ही त्यांची स्वतःची मिळकत.

शाळेचं पुढं काय झालं?

१९१४चा हंगाम कोसळला, १९१७चा शेवटचा ठरला. १९१८ला सरकारनं शाळा बंद करून जागा पुन्हा लष्कराकडे दिली, महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी. आज तिथं यूएस आर्मी वॉर कॉलेज आहे. २०१७पासून तिथल्या थडग्यांतले अवशेष काढून मुलांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत. डिसेंबर २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी शाळेची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली.

पेनसिल्व्हेनियात 'जिम थॉर्प' नावाचं गाव आहे. तो तिथला होता का?

त्या गावात तो कधी राहिलाही नव्हता. जन्म आजच्या ओक्लाहोमातला. त्याच्या मृत्यूनंतर तिसऱ्या पत्नीनं त्याचा देह पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक या डबघाईला आलेल्या गावांना द्यायचं ठरवलं. बदल्यात दोन्ही गावं एक झाली आणि १९५४ला त्यांनी त्याचं नाव घेतलं. देह ओक्लाहोमाला, जमातीच्या भूमीत परत मिळावा म्हणून मुलांनी खटला भरला. २०१५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि देह तिथंच राहिला.

कार्लाइलचे खेळाडू पुन्हा एकत्र खेळले का?

खेळले, आणि हा भाग फार कमी जणांना माहीत असतो. थॉर्प, कॅलॅक आणि गायन आधी ओहायोच्या कँटन बुलडॉग्ज संघात होते. १९२०ला एनएफएलची पूर्वज असलेली संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष थॉर्पच होता. मग १९२२ला ओहायोतल्या लारू या छोट्या गावी वॉल्टर लिंगो नावाच्या कुत्र्यांच्या व्यापाऱ्यानं एनएफएलचा संघ विकत घेतला. संघाचं नाव उरँग इंडियन्स, कारण त्याच्या एअरडेल कुत्र्यांच्या केनेलचं नावही उरँग. सगळे खेळाडू मूळनिवासी, खेळाडू-प्रशिक्षक थॉर्प. मध्यंतरात प्रेक्षकांपुढं कुत्र्यांच्या कसरती आणि आदिवासी नाच व्हायचे, आणि त्यात खेळाडूंनाच भाग घ्यावा लागायचा. दोन हंगामांत चार विजय, सोळा पराभव. कुत्र्यांचा खप वाढावा म्हणूनच लिंगोनं संघ काढला होता. १९२३नंतर त्यानं तो बंद केला.